वाचकांचे प्रश्न : टॉरसच्या खिंडी आणि सिंधच्या म्हशी

प्रश्न (जुळे सोलापूर) : अरब खिलाफत आणि बायझन्टाइन (पूर्व रोमन) साम्राज्य यांची सरहद्द शतकानुशतकं धगधगत होती. मग तिथे चीनसारखी भिंत का सापडत नाही?

उत्तर : भिंत बांधायचं कारणच नव्हतं, डोंगर होता. आजच्या दक्षिण तुर्कस्तानातली टॉरसची रांग मध्ये उभी, आणि सारी झुंज खिंडींसाठी. अरब या पट्ट्याला ‘सुगूर’ म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ फट. समोरच्या दातांमधली फटसुद्धा. तार्सस, अदना, मस्सीसा, मरअश, मलात्या ही या फटींच्या तोंडाशी वसवलेली ठाणी. त्यांच्या मागची दुसरी फळी, ‘अवासिम’, खलिफा हारून अल-रशीदने ७८६ मध्ये वेगळी केली.

सरहद्द बारा महिने पेटलेली नसे. दहाव्या शतकातल्या कुदामा इब्न जाफरने स्वाऱ्यांचं वेळापत्रकच देऊन ठेवलंय. घोडे वसंतातल्या चाऱ्यावर तयार झाले की १० मेच्या सुमारास निघायचं, ३० दिवस. मग घोड्यांना विश्रांती. १० जुलैपासून उन्हाळी स्वारी, ६० दिवस. हिवाळ्यात गेलंच तर फेब्रुवारीअखेर, तेही २० दिवसांच्या आत, कारण तेव्हा घोड्याच्या पाठीवर मावेल तेवढीच शिदोरी. आपल्याकडे पाऊस सरला की दसऱ्याला सीमोल्लंघन; तिथे हिशेब चाऱ्याचा.

स्वारी निघाल्याची खबर खिंडीजवळच्या लूलॉन किल्ल्यावरून बायझन्टाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलपर्यंत (आजचं इस्तंबूल) शिखरांवर पेटवलेल्या जाळांनी पोहोचे. सुमारे ७२० किलोमीटरवर अवघी नऊ ठिकाणं. सम्राट थिओफिलॉसच्या काळात गणितज्ञ लिओने दोन्ही टोकांना सारखी चालणारी घटिकायंत्रं ठेवली असं ग्रीक ग्रंथ सांगतात : कोणत्या तासाला जाळ दिसला त्यावरून बातमी ओळखायची. पण एक घड्याळ मागे पडलं की बातमी बदलली, आणि शिखरावर धुकं उतरलं तर जाळ दिसायचाच नाही.

प्रश्न (मंगळवेढा) : सिंधच्या म्हशी या सरहद्दीवर नेल्या होत्या असं ऐकलं. थाप वाटते.

उत्तर : थाप नाही. नवव्या शतकातला अरब इतिहासकार बलाजुरी याने लिहिलंय : अंताकिया-मस्सीसा वाटेवर सिंहांचा उपद्रव फार, तेव्हा खलिफा वलीदने (७०५–७१५) ४,००० म्हशी-रेडे तिकडे धाडले. मुहम्मद बिन कासिमने सिंधमधून इराकला पाठवलेल्या कळपांशी तो त्यांचा संबंध जोडतो. म्हशींचा कळप जनावरावर कसा एकवटून धावतो हे गुराख्याला सांगायला नको. पण त्या तिथे टिकल्या त्या पाण्यामुळे. म्हशीला घाम बेताचाच येतो, उन्हाळ्यात डुंबायला मिळालं नाही की दूध आटतं. जेहान नदीच्या काठची दलदल तिला मानवली. अरबीतला ‘जामूस’ हा शब्दही फारसी ‘गावमेश’वरून आलेला.

म्हशींमागून माणसंही गेली. मूळचे सिंधकडचे ‘जुत्त’ (म्हणजे जाट) इराकच्या दलदलीत राहत. त्यांचं बंड मोडल्यावर, ८३५ च्या सुमारास, त्यांना याच सरहद्दीवरच्या ऐन जर्बा इथे वसवलं. ८५५ मध्ये बायझन्टाइन सैन्याने छापा घातला आणि बायकामुलं, म्हशी सगळ्यांसकट त्यांना उचलून नेलं.

मग उत्खननात म्हशीची हाडं ढिगाने का दिसत नाहीत? कारण गाय-बैल आणि म्हैस यांची हाडं तुकड्यांत जवळजवळ सारखी. शिंगाच्या आतला हाडाचा गाभा हाती आला तर काम सोपं : आडवा छेद बैलाचा गोल-लंबगोल, म्हशीचा चपटा, तिकोनी. पण शिंग कामाला येतं म्हणून मारलेल्या जनावराची शिंगं बहुधा दुसरीकडेच जायची. उरलेल्या तुकड्यांवर ‘मोठी गुरं’ अशी चिठ्ठी लागते, आणि म्हैस त्यातच हरवते. जनुकीय तपासणी हा पक्का मार्ग, पण उष्ण मातीत जनुकं फार काळ टिकत नाहीत.

प्रश्न (बाळे) : ‘खलिफाचा सोन्याचा दिनार’ म्हणून एक नाणं कोणी विकतोय. घरच्या घरी काय तपासावं?

उत्तर : आधी सोनाराच्या काट्यावर तोला. हिजरी ७७ (इ.स. ६९६–९७) नंतरचा उमय्यद (त्या काळच्या खलिफांचं घराणं) दिनार ४.२५ ग्रॅमच्या आसपास, बायझन्टाइनांचं सोन्याचं नाणं सॉलिडस साधारण ४.५. मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. दिनार सुमारे ०.२२ ग्रॅमने हलका भरला पाहिजे. या दिनारावर माणसाचं चित्र नसतं, आणि वर्ष आकड्यांत नाही, शब्दांत असतं. कडेला शिवण, अक्षरांच्या खोबणीत बारीक बुडबुडे, गुळगुळीत वळणं दिसली तर ते साच्यात ओतलेलं. सगळं जुळलं तरी अस्सल ठरत नाही. खऱ्या सोन्याचीही नक्कल होते. चिंच-लिंबाने घासू नका. आणि पुरावस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या कायद्याने परवाना लागतो, तो विक्रेत्याकडे आधी मागा. तिथेच निम्मे प्रश्न मिटतात.

प्रश्न (सोलापूर) : आपल्या भुईकोटात जुने कोरीव दगड दिसतात. तिकडेही असं आहे का?

उत्तर : भरपूर. अंकाराच्या बालेकिल्ल्याच्या तटात रोमन खांब आणि लेख असलेले दगड आडवे-उलटे बसवलेत. पण कोरीव दगडाचं वय म्हणजे तटाचं वय नव्हे; तट त्यानंतरचा, एवढंच कळतं. अंकारात सम्राट तिसऱ्या मिखाएलचे ८५९ चे लेख तटावर आहेत म्हणून त्या कामाचा काळ सांगता येतो. भुईकोटात फिराल तेव्हा नक्षी सांध्याशी मध्येच तुटते का, हे पाहा. तुटत असेल तर तो दगड दुसरीकडून आणून बसवलेला.