उन्हाळ्यात रानफुलं? आहेत की, पण लवकर उठायला लागतंय

मार्च-एप्रिलमध्ये कोल्हापूरजवळच्या जंगलात रानफुलं दिसतात का आणि नवख्यानं ती ओळखायची कशी, असं विचारलंय. दिसतात की! आमचे दाजी मात्र वर्षानुवर्षं सांगत आलेत, की रानफुलं म्हणजे सप्टेंबरातलं साताऱ्याकडचं कास पठार, होळीनंतर रानात नुसता पाचोळा. म्हणून हे लिहायला बसलो.

एका एप्रिलात पैज लावून त्यांना दाजीपूरकडं नेलं, कुंभ्याच्या झाडाचं फूल दाखवायला. कुंभा रात्री फुलतो आणि सकाळी गळायला लागतो, म्हणून पहाटे चारला निघूया म्हटलं. दाजी आवरून खाली आले सातला. वर वाटेत मिसळ पाहिजेच. कट दोनदा मागवला. पोचलो तेव्हा साडेदहा वाजलेले. रस्त्याकडेच्या झाडाखाली सडा पडलेला आणि फांद्यांवर एक फूल धड नाही. खालचं एक उचललं. चार पांढुरक्या पाकळ्या मलूल झालेल्या, मधे केसरांचा हा एवढा झुपका, पांढरा-गुलाबी. याच झाडाच्या सालीची वात जुन्या काळच्या, वात पेटवून उडवायच्या तोड्याच्या बंदुकीला वापरायचे, हेही सांगितलं. दाजी म्हणाले, "दाढीचा ब्रश आहे हा." आणि पैज जिंकल्यागत हसले.

आता चूक फुलाची, का मिसळीची?

तर नवख्यानं आधी खाली बघावं. पावसाळ्यात फुलं पायाशी असतात, उन्हाळ्यात ती बहुतेक झाडांवर, मान मोडेल इतक्या उंच. गळलेलं फूल बघायचं, मग वर. जाडजूड, मेणचट पाच पाकळ्या म्हणजे काटेसावर. केशरी वाकडी चोच आणि बुडाशी काळपट मखमल, तो पळस. ही दोन्ही फेब्रुवारी-मार्चची. अंजनीच्या झाडाला मात्र खाली बघून उपयोग नाही, तिचे निळे-जांभळे झुबके थेट फांदीला चिकटलेले असतात. आणि गुलाबी बहराचे फोटो टाकून "आपलं चेरी ब्लॉसम" म्हणणाऱ्यांनो, ती उंदीरमारी आहे, मध्य अमेरिकेतनं आणून लावलेली. तिला रानफूल म्हणू नका. मोबाईलनं सांगितलेल्या नावावरही विसंबू नका.

हां, एक राहिलंच. दाजीपूरचं रान १९५८ पासून गव्यांसाठी राखलेलं आहे. आत फुलं तोडायची नाहीत आणि गवा दिसला तर गाडीतनं उतरायचं नाही.

दाजींना यंदा परत विचारलंय. सहाला निघूया म्हणतात. मी चारवर ठाम आहे.