पॉश उच्चारांचा क्लास लावू नका

उत्तर इंग्लंडमधल्या लीड्सला नर्स म्हणून रुजू होण्याआधी पुण्यात 'पॉश ब्रिटिश ॲक्सेंट'चा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, लावू नका. त्या पैशांत चांगला गरम कोट घ्या.

आपल्याकडे पॉश म्हणजे महागडं, झकपक. पॉश एरिया, पॉश फ्लॅट म्हटलं की घरमालक खूश. इंग्लंडमध्येही हॉटेलला किंवा कपड्यांना पॉश म्हटलं तर काही बिघडत नाही. माणसाला म्हटलं, की त्यात त्याचं घराणं आणि शाळा येते. खोऱ्याने पैसा ओढणाऱ्या फुटबॉलपटूला सहसा कोणी पॉश म्हणणार नाही. गळक्या वाड्यात राहणारा कर्जबाजारी सरदार मात्र पॉशच. ते पहिलं कळतं बोलण्यावरून. ईटन, हॅरोसारख्या महागड्या शाळांत घडलेल्या भरदार, घोळवून बोलणाऱ्या आवाजाला 'प्लमी' म्हणतात, तोंडात आलुबुखार धरल्यासारखा. दोन्ही शब्दांत अनेकदा कौतुकापेक्षा टोमणा जास्त असतो. म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांना 'तुम्ही किती पॉश बोलता' असं प्रेमानेसुद्धा म्हणू नका. बऱ्याच जणांना ते लागतं.

एके काळी या उच्चारांचा दबदबा होता, हे खरं. 1941 मध्ये बीबीसीने हॅलिफॅक्सच्या विल्फ्रेड पिकल्स यांना देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं, तर त्यांचे यॉर्कशरचे उच्चार ऐकून श्रोत्यांनी तक्रारी केल्या. आज त्याच बीबीसीवर सगळ्या भागांतले आवाज ऐकू येतात. आणि हॅलिफॅक्स लीड्सच्या शेजारीच आहे; तुमचे पेशंट पिकल्स यांच्याच मुलखातले असतील.

तेव्हा मेहनत कानावर घ्या. आत्तापासून बीबीसी रेडिओ लीड्स ऐका. 'बाथ', 'ग्रास'मधला लांब 'आ' दक्षिणेतला. लीड्सकडे तो आखूड असतो. आजीबाई म्हणाल्या, 'माझा टी झाला नाही', तर त्यांना बहुधा संध्याकाळचं जेवण हवंय. 'पुअर्ली' म्हणजे आजारी, 'टा' म्हणजे थँक्यू. 'स्पेंड अ पेनी' म्हणाल्या तर लगेच बाथरूमला न्या. अनोळखी माणूस 'लव्ह' म्हणाला तर दचकू नका, तिथली ती साधी हाक आहे.

स्वतःच्या बोलण्यात एवढंच करा: वेग कमी ठेवा, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे ऐकू येऊ द्या. औषधाचा डोस सांगताना फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ होतो, म्हणून 'वन फाइव्ह', 'फाइव्ह झीरो' असे आकडे सुटे करून सांगा.