टाचेच्या रक्ताची तपासणी: वाचकांचे प्रश्न

काही जन्मजात आजार वेळेत कळावेत म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून काही थेंब रक्त टिपकागदावर घेतात. त्याबद्दल तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

सुटी लवकर मिळणार होती म्हणून नातवाचं रक्त विसाव्या तासालाच घेतलं. चालेल का? (अमळनेर)

पुरेसं नाही. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन; थायरॉइड कमी पडलं की ते वाढतं. पण पहिल्या दिवशी टीएसएच सगळ्याच बाळांचा चढलेला असतो. ४८ ते ७२ तासांत पुन्हा घ्या. ते उलटले असतील तर आजच.

लघवीच्या कागदावर शंभराहून जास्त आजार कळतात, असं पॅकेज घेतलंय. पुरे ना? (भुसावळ)

तुम्हाला आकडा विकलाय. लघवीत चयापचयाचे काही आजार दिसतात. पण जन्मजात थायरॉइडची कमतरता, सीएएच (अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात दोष) आणि जी६पीडी (तांबड्या रक्तपेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता) यांना रक्तच लागतं. आपल्याकडे आधी बघायचे ते हेच तीन. विकणाऱ्याला विचारा, यादीत टीएसएच कुठे आहे? मग ती यादी बाळाच्या डॉक्टरांना दाखवा.

बाळ अकरा दिवसांचं, टीएसएच ६२ आलाय. सासूबाई म्हणतात, "पोर गुनी शे, रडत बी नही." सव्वा महिन्यानंतर दाखवलं तर? (शहादा)

ताई, तुम्हाला निरोप आधीच पाठवलाय. इथे लिहितो ते इतरांसाठी.

थायरॉइड कमी असलेलं बाळ गुणीच वाटतं. झोपाळू असतं, दूध ओढता ओढता थकतं, शी कडक होते, कावीळ रेंगाळते. कित्येक बाळं तर सुरुवातीला ठणठणीत दिसतात, कारण आईचं थोडं हार्मोन अंगात असतं. भारतात हजार-अकराशे बाळांमागे साधारण एकाला हा आजार असतो, आणि उपचार काय, तर लेव्होथायरॉक्सिनची गोळी, कुटून चमचाभर आईच्या दुधात. दोन आठवड्यांच्या आत सुरू झाली तर बुद्धी बहुधा इतर मुलांसारखीच राहते. उशिरा दिलेली गोळी उंची वाढवील, मेंदूचं झालेलं नुकसान भरून देणार नाही.

टाचेचा रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. शिरेतून रक्त काढून टी-फोर (थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन) आणि टीएसएच पक्के करतात. पण आकडा ४० च्या वर असेल तर ते रक्त काढल्यावर रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करतात. डोस वजनावर, तोही डॉक्टरच ठरवतील. शेजारच्या काकूंच्या गोळीचा तुकडा देऊ नका (हेही होतं). लोह-कॅल्शियमचं औषध त्याच वेळी नको. सव्वा महिना पाळायचाच तर बाळंतिणीने पाळावा. बाळाला आजी घेऊन येऊ शकते.

मामाच्या मुलीशी लग्न झालंय. पहिलं बाळ दुसऱ्या आठवड्यात उलट्या होऊन गेलं. लोक 'बाहेरचं' म्हणाले. आता सातवा महिना आहे. (साक्री)

बाहेरचं काही नसतं. त्या वेळचे कागद शोधा. आजार आईबाप दोघांकडून उतरलेला असेल तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता. सीएएचमध्ये पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंगातलं मीठ घसरून बाळ कोसळतं, पण दुसरेही आजार तसेच वागतात. पत्रावरून सांगता येणार नाही. प्रसूतीआधीच जनुकतज्ज्ञांना भेटा, आणि बालरोगतज्ज्ञ हजर असेल तिथेच नाव घाला. उलट्या लागल्या तर रिपोर्टसाठी थांबू नका.

जी६पीडी कमी निघालंय. काय जपायचं? घरचा काढा चालेल? (चाळीसगाव)

डांबर गोळ्या घरातून काढा. ट्रंकेतल्या जुन्या लुगड्याच्या दुपट्याला तो वास असेल तर बाळाला त्यात गुंडाळू नका. टाळायच्या औषधांची यादी लिहून घेऊन लसीच्या कार्डाला टाचा. अंग पिवळं दिसलं तर कोवळ्या उन्हात धरत बसू नका, त्याच दिवशी रक्तातलं बिलिरुबिन (कावीळ किती ते सांगणारं) तपासा. काढ्यात काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. देऊ नका, बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा.