यज्दगर्द नावाचे इराणी राजे किती आणि कोणते?

‘ईश्वराने घडवलेला’ अशा अर्थाचे हे नाव इराणच्या सासानी घराण्यातील तीन सम्राटांनी धारण केले. पहिल्या यज्दगर्दने (३९९–४२०) ख्रिस्ती प्रजेला मोकळीक दिली आणि ४१० साली त्यांची धर्मपरिषद राजधानीत भरू दिली. जरथुष्ट्री परंपरेने मात्र त्याला ‘पापी’ हे बिरुद चिकटवले, जे माझ्या मते त्याच्यावर अन्याय करणारे आहे. दुसऱ्याच्या कारकिर्दीत (४३८–४५७) आर्मेनियावर जरथुष्ट्री धर्म लादण्याचा प्रयत्न झाला आणि ४५१ मध्ये अवरायरची लढाई पेटली.

तिसरा यज्दगर्द हा दुसऱ्या खुसरोचा नातू. घराण्यातील कत्तलींनंतर ६३२ साली तो लहान वयातच गादीवर आला. अरब सैन्याकडून कादिसियाला झालेल्या पराभवानंतर राजधानी गेली, ६४२ मध्ये नहावंदला उरलेले सैन्यही मोडले आणि पूर्वेकडे एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात आश्रय शोधत फिरणारा हा अखेरचा सासानी सम्राट ६५१ मध्ये मर्वजवळ मारला गेला. एका गिरणीवाल्याने त्याला ठार केले, असे परंपरा सांगते. मुंबईतील पारशी समाज आजही आपले वर्ष त्याच्या राज्यारोहणापासून मोजतो आणि त्या कालगणनेला यज्दगर्दी सन म्हणतात.