किनाऱ्यावरचे विमान सांभाळताना

मालकाच्या बाजूने विमानाच्या देखभालीवर लक्ष ठेवण्याचे काम तुम्ही नव्याने घेत आहात, म्हणून आधी एवढे ध्यानात घ्या की डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, सीएआर-एम या देखभालविषयक नियमांत उड्डाणयोग्यतेची जबाबदारी मुळात मालकाची धरली आहे. विमान दुरुस्तीला दिले म्हणजे ती संपली, असे होत नाही.

चिपीला किंवा रत्नागिरीला विमान चार दिवस उघड्यावर राहिले, तरी खारा वारा आपले काम करतो. ॲल्युमिनियमचा गंज तांबडा नसतो. रिव्हेटच्या कडेने रंग फुगतो आणि नखाने खरवडला की खाली पांढरी भुकटी निघते. म्हणून बॅटरी आणि आरसा घेऊन चाकांच्या कप्प्यांत आणि स्वच्छतागृहाखालच्या भागात स्वतः वाकून पाहा. पीटी-६ जातीच्या इंजिनाचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून आत देणारा भाग, खाऱ्या हवेत वरचेवर धुवावा लागतो. तो धुतल्याची नोंद तारखेसह पाहिल्याखेरीज मान्य करू नका. वेग मोजण्यासाठी बाहेरची हवा घेणाऱ्या पिटो नळीचे झाकण विसरले, तर कुंभारीण माशी आत मातीचे घर करते, हे कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

मोठ्या तपासणीपूर्वी, गंज निघाल्यास दर काय लागेल आणि परवानगी कोण देईल, हे लेखी घ्या. मी एकदा ते घेतले नाही. विमानाचा पत्रा उघडून गंज दिसल्यावर मिळालेला खर्चाचा आकडा मालकाला सांगताना माझी जीभ अडखळली होती.