'अत्याचार' म्हणावं की 'बलात्कार'?

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकाताईंनी विचारलंय, बातमीत 'महिलेवर अत्याचार' असं छापतात, नेमकं काय घडलं ते कळतच नाही. हा पळपुटेपणा नव्हे का?

आहेच. पण मला त्याहून चीड येते ती 'अब्रू लुटली' या शब्दांची. फारसीत आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. आबरू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी, तेज. गुन्हा केला त्याने, आणि तेज हिचं गेलं? हा प्रयोग बोलण्यातून हद्दपार करा.

आता 'अत्याचार'. 'अति' आणि 'आचार' मिळून झालेला शब्द, म्हणजे मर्यादा सोडलेलं वागणं. त्यामुळे मराठीत सासरचा छळही अत्याचार आणि मारहाणही. कानडी-तेलुगूत मात्र आज हा शब्द उच्चारला की बलात्कार हाच अर्थ आधी मनात येतो. आणि खरं नवल पुढे आहे. 'बलात्कार'चा जुना अर्थ नुसती जबरदस्ती, तो त्या दोन्ही भाषांत अजून जिवंत आहे! संस्कृतात बलात् म्हणजे बळाने. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बळाने द्यायला लावलेलं, बळाने उपभोगलेलं, बळाने लिहून घेतलेलं सगळं 'अकृत', न केल्यासारखं, ठरवलंय. मराठीने 'बलात्कार'चा अर्थ आवळला, शेजारणींनी 'अत्याचार'चा.

सोलापुरात या तिघी भाषा एकाच गल्लीत नांदतात. पूर्व भागातली तेलुगू बोलणारी बाई 'अत्याचार झाला' म्हणाली आणि लिहून घेणाऱ्याने मराठी कानाने 'मारहाण' ऐकलं, तर? कोशातला अर्थ तेवढा प्रमाण मानणाऱ्या पंडितांनी याचं उत्तर द्यावं. माझ्या मते या शहरात हा शब्द ऐकला की 'म्हणजे काय झालं?' हे हळुवारपणे, तिच्याच भाषेत विचारायला हवं.

दुसरे विद्वान 'बलात्' वरून सांगतात की बळ म्हटलं म्हणजे झटापटीच्या खुणा हव्यातच. साफ चूक. व्युत्पत्ती म्हणजे कायदा नव्हे. भीतीने माणूस थिजतं, ओरडायला आवाज फुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 63 स्पष्ट सांगतं की शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही.

ताई, वर्गातल्या मोठ्या मुलींना हेही सांगा. 112 पोलिसांसाठी, 181 महिलांच्या मदतीसाठी. दवाखाना सरकारी असो वा खाजगी, बलात्कार झालेल्या बाईला उपचार मोफत द्यावेच लागतात, आणि ते एफआयआरसाठी अडवून ठेवता येत नाहीत. तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. जमलं तर अंघोळीआधी दवाखान्यात जावं, अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. अंघोळ झाली असली तरी जावंच. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही जितकी लवकर तितकी चांगली. आणि अशा बाईसोबत जाताना तिची भाषा बोलणारी, तिच्या विश्वासातली एक बाई बरोबर न्या.