फायटर (बेटा) माशाच्या पिल्लांसाठी घरी ब्राइन श्रिंप (खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव) काढता येतात का? पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, पिल्लं आठवड्याभरात मरतात.

हो, येतात, आणि फ्लॅटमध्ये आरामात येतात. मी सिंहगड रोडला दोन बेडरूमच्या घरात हेच करतो, किचनच्या ओट्याच्या कोपऱ्यात. तुमची पिल्लं बहुतेक उपाशी मरतायत, कारण फायटरची पिल्लं हलणाऱ्या खाण्यावरच झडप घालतात, पावडर टाकली तर ती तशीच तळाला बसते आणि पाणी नासवते.

आधी एक सांगतो, मोठे श्रिंप वाढवायच्या मागे आत्ता लागू नका. तुम्हाला हवीत श्रिंपची अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान. पहिल्या काही तासांत त्यांच्या अंगात अंड्यातला पिवळा बलक शिल्लक असतो, पोषण तेच, एकदा कात टाकली की तो संपत जातो. म्हणून रोज थोडी ताजी काढायची, दोन बाटल्या एक दिवसाच्या अंतराने लावायच्या, म्हणजे खंड पडत नाही.

कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या, बूड कापा, बूच घट्ट लावून उलटी टांगा. रात्रभर ठेवलेलं नळाचं पाणी एक लिटर, त्यात २५ ग्रॅम खडा मीठ (वजन करूनच घ्या, चमच्याचा अंदाज चुकतो), चिमूटभर खाण्याचा सोडा आणि पाव चहाचा चमचा श्रिंपची पाकिटातली अंडी. एअर पंपाची नळी थेट तळापर्यंत गेली पाहिजे नाहीतर अंडी खाली साचून राहतात, आणि एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचा, बारीक बुडबुडे काढणारा दगड) लावू नका, बारीक फेसात अंडी वर चिकटतात. उजेड हवा, आणि पाणी २६ ते २८ डिग्री. उन्हाळ्यात पुण्यात २४ तासांत काम होतं, पण डिसेंबर-जानेवारीत माझी बाटली दोन दिवस तशीच पडून होती, मग मी ती हीटर लावलेल्या टँकच्या पाण्यात अर्धी बुडवून ठेवायला लागलो तेव्हा कुठे वेळेत निघाली.

पाणी केशरी दिसलं की पंप बंद करा, दहा मिनिटं थांबा, बाटलीच्या तळाशी टॉर्च लावा. श्रिंपची पिल्लं उजेडाकडे धावतात, टरफलं वर तरंगतात. खालचं केशरी पाणी नळीने ओढून दाट विणीच्या रुमालातून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि माशाच्या पिल्लांना घाला. टरफलं शक्यतो येऊ देऊ नका, बारीक पिल्लांच्या पोटात अडकतात. गोड्या पाण्यात हे श्रिंप काही तासच जगतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे.

खाल्लंय की नाही हे भिंग घेऊन बघा, फायटरच्या पिल्लाचं अंग काचेसारखं आरपार असतं आणि पोट भरलं की तिथे छोटासा केशरी ठिपका दिसतो, मी अजूनही रोज सकाळी आधी तेच बघतो.

दोन गोष्टी मला नुकसान झाल्यावर कळल्या. एक, अंड्यांचं पाकीट उघडं ठेवायचं नाही, पहिल्या पावसाळ्यात मी ते कपाटात ठेवलं, ओल लागली आणि अख्ख्या पाकिटातून जेमतेम काही निघाली, आता हवाबंद डबीत फ्रिजमध्ये असतं. दुसरी, गुरुवारी लाईट जाते तेव्हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवलेला पाहिजे, नाहीतर खारं पाणी नळीतून उलटं पंपात जातं, माझा एक पंप असाच गेला.

श्रिंप मोठे करायचेच असतील तर नंतर बाल्कनीत पसरट टबात खाऱ्या पाण्यात करा, खायला स्पिरुलिना (हिरव्या शेवाळाची) पावडर पाणी जरासं हिरवट होईल इतकीच, पाणी स्वच्छ झालं की परत चिमूटभर. पाणी आटलं की साधंच पाणी भरा, मीठ उडून जात नाही. दोन-तीन आठवड्यांत सेंटिमीटरभर होतात, मोठ्या माशांना उत्तम.

तुमच्या पुढच्या खेपेला नराने केलेल्या फेसाच्या घरट्याखाली पिल्लं शेपूट खाली करून लटकलेली दिसली की त्याच दिवशी पहिली बाटली लावा, पिल्लं आडवी पोहायला लागेपर्यंत खाणं तयार असेल.